बाबा दर रविवारी पाणी टाकतात, ते जातं कुठे?

पत्र नागपुरातल्या मनीषनगरच्या एका ताईंचं आहे. त्या बँकेत नोकरी करतात, यजमान पुण्याला असतात. घरी नववीतला मुलगा आणि ७४ वर्षांचे सासरे, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. गाडी छोटी, पेट्रोलवरची, ९ वर्षं जुनी. सासरे दर रविवारी सकाळी बॉनेट उघडतात, कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत बोरचं पाणी टाकतात, इंजिन ऑइल कमी वाटलं तर डब्यातलं तेही ओततात. महिनाभरापासून सकाळी पोर्चच्या फरशीवर ओला डाग दिसतो: डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, बोटाला जरा चिकट लागणारा. गॅरेजवाल्याने बाटलीत डोकावून "हे कूलंट नाही, गढूळ पाणी आहे" असं सांगितलं आणि रेडिएटर, वॉटर पंप, सगळे होज पाइप बदलायचा मोठा अंदाज हातात दिला. सासऱ्यांना सांगायला गेल्या तर ते दुखावले: "वीस वर्षं अँबेसेडर चालवली मी. आता तू मले शिकवून राहिली का?" यजमान म्हणतात, बाबांना बोलू नकोस, गाडी सर्व्हिसिंगला देऊन टाक. मेअखेरीला समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरला लग्नाला जायचं आहे. ताई विचारतात, "मला गाडीतलं काहीच कळत नाही. बाबांना थांबवू, गॅरेजवाल्याचं ऐकू, की गाडीच विकून टाकू?"

ताई,

"मला गाडीतलं काहीच कळत नाही" असं तुम्ही लिहिलंत, आणि त्याच पत्रात डाग कुठे पडतो, कधी दिसतो, बोटाला कसा लागतो हेही लिहिलंत. गॅरेजवाल्याने बाटली पाहिली, डाग पाहिला नाही. बाबा पातळी बघतात, पण फरशीकडे त्यांचं लक्ष गेलेलं दिसत नाही. यजमान तर इथे नाहीतच. तेव्हा आज या गाडीबद्दल सगळ्यात जास्त तुम्हालाच माहीत आहे. निर्णय तुम्हीच घ्यायचा आहे आणि तो तुम्हाला जमेल.

बाबांना थांबवायचं की गॅरेजवाल्याचं ऐकायचं, हा प्रश्न मला जरा वेगळा दिसतो. बाबा दर रविवारी दोन कामं करतात आणि घरात सगळे ती एकच धरून चालतात. ते बघतात, आणि ते ओततात. बघण्याची सवय फार मोलाची आहे. नवी गाडी घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण बॉनेटचा खटका कुठे असतो तेही कधी शोधत नाहीत. ओतणं मात्र आजपासून थांबायला हवं. बोरच्या पाण्याचा तोटा आहेच, त्याबद्दल पुढे लिहिते. पण दर रविवारी बाटली भरली की आठवड्यात किती गेलं याचा हिशेबही पुसला जातो. सोमवारी गाडी ठणठणीत दिसते. गळती वाढतेय की तेवढीच आहे, हे आज तुमच्या घरात कोणालाच सांगता येणार नाही.

हे मी ठेच खाऊन शिकले. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अमरावती रोडने जाताना कोंढाळीच्या अलीकडे माझ्या गाडीतला लाल दिवा लागला. त्याआधीचे तीन आठवडे मी दर सोमवारी बाटलीत पेलाभर पाणी टाकत होते आणि आपण गाडीची काळजी घेतोय असं समजत होते. ढाब्यावर थांबले, बॉनेट उघडलं. तिथला एक मुलगा मदतीला धावला आणि सरळ रेडिएटरच्या झाकणाकडे त्याने हात नेला. शेजारी उभ्या ट्रकच्या क्लीनरने त्याचं मनगट धरून मागे ओढलं. "पोरा, भाजशील ना!" एवढंच तो बोलला. तासाभराने तोच क्लीनर खाली वाकला आणि खालच्या पाइपवरची सैल झालेली क्लिप त्याने मला दाखवली. भोवती पांढरा-हिरवट चुरा सुकून बसला होता, म्हणजे गळती जुनी होती. तिला मी तीन आठवडे पाणी पाजत होते. पुढे इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावा लागला. एका क्लिपपायी.

आता बाबांची बाजू. अँबेसेडरच्या काळात ते जे करत होते ते बरोबरच होतं. त्या गाड्यांचं इंजिन बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, आणि पाणी थोडंफार उडत राहणार हे गृहीतच असायचं. डिक्कीत पाण्याचा कॅन ठेवूनच माणसं घाट चढत. आजच्या गाड्यांची कूलंटची व्यवस्था बंद असते, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्याच्या दोन्ही टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्यापर्यंत पातळी जवळपास हलतच नाही. तेव्हा पाणी कमी होणं ही रोजची गोष्ट होती, आज ती तक्रार आहे. गाडी बदलली म्हणून रीत बदलली, बाबांचं काही चुकलेलं नाही. बोलायला बसाल तेव्हा सुरुवात इथूनच करा.

आणि तुमच्याकडे एक फार चांगली गोष्ट आहे: बाबा कोराडीचे आहेत. औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलरमध्ये साधं पाणी कधीच जात नाही. त्यातले क्षार काढून, डीएम प्लांटमधून शुद्ध करूनच ते आत सोडतात, नाहीतर नळ्यांमध्ये थर बसतो. हे तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा बाबांना नक्कीच जास्त ठाऊक असणार. त्यांना एवढंच विचारा, "बाबा, बॉयलरमध्ये बोरचं पाणी चाललं असतं का?" घरातला कूलरही दाखवता येईल. महिनाभर बोरचं पाणी फिरलं की त्याच्या जाळीवर आणि खसवर जो पांढरा खरखरीत थर चढतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये चढतो. कूलरची खस आपण दरवर्षी बदलतो. रेडिएटरच्या आत कोणी हात घालू शकत नाही.

कूलंट बर्फाच्या प्रदेशासाठी असतं, आपल्याकडे पाणी चालतं, हा समज आपल्या भागात फार आहे. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं आणि धातूला गंजू न देणारी द्रव्यं असतात. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकण घट्ट असताना आतल्या दाबामुळे ती मर्यादा सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. अशा हवेत, सिग्नलवर एसी चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीला ही वरची जागा लागतेच. गरम गाडीचं झाकण का उघडायचं नाही, तेही यातच आलं: दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं पाणी झाकण सुटताच उकळतं आणि तोंडावर येतं. गाडी पूर्ण गार असल्याशिवाय झाकणाला हात नाही, हा नियम मुलालाही सांगून ठेवा.

आता पुढचा आठवडा. सात दिवस काहीही न ओतता फक्त बघायचं आणि लिहायचं. सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, रोज एकाच वेळी. कारण तापलेलं कूलंट फुगतं आणि संध्याकाळची पातळी फसवते. बाटलीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन रेषा असतात. तुमची बाटली नऊ वर्षांत पिवळी पडली असेल, आतलं नीट दिसणार नाही. मोबाइलचा टॉर्च मागून लावा आणि गाडी हाताने जरा हलवा. पाणी डुचमळलं की रेघ लगेच दिसते. तिथे मार्करने खूण करा, शेजारी तारीख लिहा. पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेली तर थांबू नका. डिस्टिल्ड वॉटर मापाच्या पेल्याने मोजून टाका आणि किती मिलि टाकलं ते लिहा. नुसतं "थोडं टाकलं" असं लिहून चालणार नाही. ही वही बाबांकडे द्या. आयुष्यभर रीडिंग घेतलेला माणूस हे काम आपल्यापेक्षा काटेकोर करेल.

दुसरं काम जमिनीवरचं. किराणा दुकानातून मोठा खोका आणा, उलगडून सपाट करा. आधी फरशी साबणाने धुऊन कोरडी होऊ द्या, नाहीतर जुना डाग नव्याची दिशाभूल करतो. गाडी रोज एकाच जागी यावी म्हणून पुढच्या चाकांपाशी खडूने रेघा मारा. खोका इंजिनखाली सरकवा आणि पुढची बाजू कोणती ते बाणाने दाखवा. एक काळजी घ्या: एसी लावून घरी आलात तर पहिला अर्धा-पाऊण तास एसीचं पाणी ठिबकतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ते डाव्या बाजूलाच. म्हणजे तुमचा डाग पडतो साधारण तिथेच. म्हणून खोका तासाभराने घाला. ते पाणी स्वच्छ, बिनवासाचं आणि न चिकटणारं असतं. मेच्या कोरड्या हवेत ते कमी पडतं, जुलैत धार लागते, आणि दोन्ही वेळा गाडी चांगलीच असते. तुम्ही चिकट म्हणालात म्हणून मला हे निव्वळ एसीचं पाणी वाटत नाही.

सकाळी डागाभोवती पेनाने गोल काढा, तारीख घाला, रात्री तोच खोका पुन्हा. चार दिवसांत गोल वाढतो की तेवढाच राहतो हे नजरेला दिसेल. कूलंट हिरवं, गुलाबी, लाल किंवा निळं असतं, पण तुमच्या गाडीत इतकं पाणी गेलंय की रंग फिका किंवा तांबूस-गढूळ आला असेल. तेव्हा रंगावर विसंबू नका, चिकटपणा आणि गोडसर वास बघा. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं, बुळबुळीत, कागदावर हळूहळू पसरणारं. ऑटोमॅटिक गिअरचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बऱ्याचदा लालसर असतं. तुमच्या गाडीसारख्या पुष्कळ छोट्या गाड्यांचं स्टिअरिंग विजेवर चालतं, त्यांत स्टिअरिंगचं ऑइल नसतंच. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला घरी बोलवा. आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या पॅडलखाली फिकट पिवळा, पातळ, तेलकट ओलावा दिसला तर त्या गाडीने कोपऱ्यापर्यंतही जायचं नाही. ते ब्रेक ऑइल असतं.

गाडीखाली वाकून बघा, पण खाली शिरू नका. जॅक लावून तर मुळीच नाही. बॉनेट उघडताना ओढणी आणि साडीचा पदर खोचून घ्या. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागतो.

खोका कोरडा राहिला आणि पातळी मात्र उतरत गेली, असंही होऊ शकतं. इंजिनखाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर गळलेलं सगळं तेच झेलतं. नाहीतर गळती आतल्या आत असते. डॅशबोर्डखालचा गालिचा ओलसर लागतो का, काचेवर चिकट धुकं येतं का, गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो का, ते बघा. ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू पाहा. तिथे दुधाळ चहासारखा फेसाळ थर असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शंका घ्यायची आणि गाडी जागची हलवायची नाही. हिवाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून पडणारे पाण्याचे थेंब वेगळे, त्यांची काळजी नको.

इंजिन ऑइलचं थोडक्यात. सपाट जागेवर, गाडी चालवून बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मगच काढून वाचा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते खोटं असतं. घाईत हीच पायरी गळते आणि पातळी चुकीची वाचली जाते. बाबा ऑइल ओतत आहेत म्हणून मला काळजी वेगळीच आहे, जास्त झाल्याची. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली तर इंजिनमधला फिरणारा दांडा, क्रँकशाफ्ट, ते घुसळून फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही. छोट्या गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण लिटरभराचं असतं. म्हणजे टाकायची वेळ आलीच तर पाव लिटर टाकून थांबायचं, पुन्हा मोजायचं, आणि ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच. घरात उरलेल्या डब्यातलं नको.

ब्रेक ऑइल बघा, टाकू नका. पॅड झिजले की त्याची पातळी थोडी आपोआप उतरते. ती कळली की पॅड तपासायचे. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरलेलं १५५ च्या पुढे उकळू शकतं. चिखलदऱ्याचा घाट उतरताना हा फरक थेट पायाखाली जाणवतो. म्हणून ते पुस्तिकेतल्या मुदतीने, बऱ्याच गाड्यांत दोन वर्षांनी, पूर्ण बदलून घ्यायचं. वायपरचं पाणी मात्र बाबांना हवं तितकं भरू द्या.

आता गॅरेज. तो माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. बोरच्या पाण्याने रेडिएटर खरंच खराब झाला असेल, नऊ वर्षांत प्लॅस्टिकच्या टाकीला बारीक चीर गेली असेल. पण गळती कुठून आहे हे न दाखवता तीन भागांची यादी देणं मला पटत नाही. वही आणि खोका घेऊन जा आणि एकच मागणी करा: "आधी प्रेशर टेस्ट करा, ओली जागा मला दाखवा, मग बोलू." रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप लावून दाब देतात आणि काटा खाली येतो का ते बघतात. दाब उतरला तर गळती नक्की आहे, आणि ती जागा बहुतेक वेळा डोळ्यांना दिसते. झाकणापासून सुरुवात करायला सांगा, कारण त्यातला रबरी वॉशर कडक झाला तरी कूलंट जातं आणि झाकण हा सगळ्यात स्वस्त भाग आहे. मग क्लिपा, मग पाइप. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं. तिथे सुकलेला ओघळ असेल तर पंपाचं सील गेलेलं असतं, आणि मग पंप बदलण्यावर वाद घालू नका. जो भाग बदलतील तो जुना भाग मागून घ्या. दुरुस्तीनंतर जुनं पाणी पूर्ण काढून, आतून धुऊन, पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट भरणं आणि आत अडकलेली हवा काढणं हेही कामात धरून दर ठरवा. त्यांनी नकार दिला तर दुसरं गॅरेज बघा, प्रतापनगर ते नंदनवन या शहरात त्यांची वाण नाही.

लग्नाबद्दल स्पष्ट सांगते. गळतीची जागा सापडून दुरुस्त होईपर्यंत आणि त्यानंतर सलग आठ सकाळी पातळी जागची हलली नाही असं वहीत दिसेपर्यंत ही गाडी समृद्धीवर नेऊ नका. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, इंजिन तासन्‌तास सलग चालतं, आणि काही झालं तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत बाहेर पडता येत नाही. त्यात तुमची तारीख नवतपातली, मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांतली. दिवस पुरले नाहीत तर रेल्वेने जा किंवा गाडी भाड्याने करा. शहरात बँकेपर्यंतचं जाणं-येणं चालेल, रोज सकाळी पातळी बघून. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला, किंवा काटा नसलेल्या गाडीत लाल दिवा लागला, तर "घर जवळच आहे" म्हणून पुढे जाऊ नका. कडेला घ्या, एसी बंद, इंजिन बंद, झाकणाला हात नाही, आणि गाडी टो करून न्या.

विकण्याचा विचार दुरुस्तीनंतर करा. आज विकायला काढली तर घेणाराही याच बाटलीत डोकावेल आणि गढूळ पाण्याचाच भाव देईल. यजमानांना मात्र एक काम सांगा: या आठवड्यात त्यांनी फोन केला की बाबांना बोलू नकोस असं तुम्हाला सांगण्याऐवजी बाबांनाच विचारायचं, "आज रीडिंग किती आलं?"

शेवटी खोक्याबद्दल. कूलंटची चव गोड असते आणि ते विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा कूलंटनेही मरतात. सकाळी खोका उचलल्यावर फरशीवर उरलेला डाग लगेच भुसा किंवा माती टाकून टिपून घ्या आणि मग धुवा. गॅरेजने काढलेलं जुनं कूलंट आणि ऑइल नालीत न सोडता गॅरेजनेच नियमाप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी, हेही सांगून ठेवा. दुकानातून आणलेला कूलंटचा डबा वर, कुलपात ठेवा.